बारावी पास झालात, पण गुण कमी पडले? गुणसुधार परीक्षा देण्याआधी आणि देताना काय करायचं

मे महिन्यात निकाल लागला की आमच्या खान्देशात दोन प्रश्न ठरलेले. पहिला त्याच दिवशी, "किती पडले?" दुसरा महिनाभराने, पारावर बसलेल्या एखाद्या बापूंचा, "मंग, आते काय करी ऱ्हायना पोऱ्या?" ज्याला पंच्याऐंशी पडले त्याला दुसऱ्या प्रश्नाचं काही वाटत नाही. पण ज्याला चोपन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट पडले, जो पास तर झाला पण हव्या त्या कॉलेजचं दार बंद झालं, त्याच्या काळजात हा प्रश्न रुततो.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. स्वतः बारावी दोनदा दिली आहे. पहिल्यांदा ५८ टक्के आणि पुढच्या वर्षी ७१. त्या तेरा टक्क्यांवर मला पुण्यात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. मधलं वर्ष मात्र मी निम्मं वाया घालवलं, कारण नीट सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलामुलींसाठी आहे. सीबीएसईचं शेवटी थोडक्यात सांगेन.

आधी कोर्स ठरवा, मग टक्के

"गुण वाढवायचेत" असं म्हणत माझ्याकडे मुलं येतात तेव्हा मी एकच विचारते: कशासाठी? "असंच, टक्के बरे दिसतील" असं उत्तर आलं तर मी परत पाठवते. वर्षभर राबायचं तर समोर एका कोर्सचं नाव हवं, आणि त्या कोर्सला बारावीचे नेमके किती गुण लागतात हे वहीत लिहिलेलं हवं.

बारावीचे गुण सगळीकडे सारखे कामाला येत नाहीत. काही कोर्सना ते नुसता उंबरठा असतात. इंजिनीअरिंगला आणि बी.फार्म.ला खुल्या गटात ग्रुपच्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के हवेत. तेवढे झाले की पुढचं सगळं एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत खुल्या गटाला ५० टक्के, एससी, एसटी, ओबीसींना ४० टक्के, आणि पुढे नीटचा स्कोअर. पाच वर्षांच्या लॉ कोर्सला खुल्या गटात ४५ टक्के आणि सीईटी. उंबरठा ओलांडलेल्याने तो पुन्हा ओलांडून काही पदरात पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. बायोलॉजी ग्रुपला ५१ टक्के, डॉक्टर व्हायचं होतं. गुणसुधारचा फॉर्म भरून बसला होता आणि सकाळ-संध्याकाळ इंग्रजी, मराठीचे निबंध पाठ करत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की बारावीचे गुण ५१ वरून ८१ झाले तरी नीटच्या क्रमवारीत तो एका जागेनेही पुढे सरकणार नाही. त्याला नीटचा अभ्यास हवा होता, बारावीचा नव्हे.

उलट उदाहरणही आहे. तळोद्याकडची एक मुलगी, आदिवासी कुटुंबातली. सीईटीत चांगला पर्सेंटाइल, पण पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स मिळून, ३०० पैकी ११४. म्हणजे ३८ टक्के. तिच्या गटाला हवे होते ४०, म्हणजे १२०. सहा गुणांसाठी अख्खी सीईटी फुकट. अशा मुलीने गुण वाढवण्याची प्रत्येक वाट पाहायलाच हवी. तिच्याबद्दल पुढे आणखी सांगते.

एनआयटी आणि आयआयटीचा उंबरठा बराच उंच आहे. बारावीला ७५ टक्के, एससी-एसटींना ६५, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. जेईईत रँक आली आणि बोर्डात ७२ पडले, तर गुणसुधारचा विचार जरूर करा. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, आणि त्यासाठी बारावीला पहिल्यांदा बसलात ते वर्ष धरतात. बारावी पुन्हा दिली म्हणून त्या संधी नव्याने मिळत नाहीत. क्लासवाले हे सांगायचं विसरतात.

आणि काही कोर्सना बारावीचे गुण हीच गुणवत्ता यादी. पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांतलं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., तसंच जळगाव, धुळे, अमळनेरच्या जुन्या कॉलेजांतल्या मागणी असलेल्या जागा. डी.फार्म.ची यादीही बारावीच्या विज्ञान विषयांवर लागते. डी.एल.एड., म्हणजे आपण अजून डी.एड. म्हणतो ते, त्यालाही बारावीच लागते. खुल्या गटाला किमान ४९.५ टक्के आणि राखीव गटांना ४४.५. इथे एकेक टक्का मोलाचा.

तेव्हा पहिलं काम हे: हव्या असलेल्या कोर्सची गेल्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पात्रतेचं पान आणि शेवटच्या फेरीची कट-ऑफ, एवढंच वाचा. ते दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. स्वतःचा आकडा शेजारी. तुमच्या आकड्यात आणि त्यांच्यात फरक किती, तेवढंच तुमचं काम.

पुन्हा परीक्षा देण्याआधी जुना पेपर बघा

निकाल लागल्यावर पहिले पंधरा दिवस रडण्यात जातात आणि नेमकी तीच मुदत असते. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून साधारण दोन आठवडे बोर्ड गुणपडताळणीचे आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचे अर्ज ऑनलाइन घेतं. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. छायाप्रत म्हणजे तुमच्या पेपरची स्कॅन केलेली प्रत. ती हातात आल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. छायाप्रत न मागवता थेट पुनर्मूल्यांकन होत नाही. २०२५ साली एका विषयाचे दर असे होते: पडताळणी ५० रुपये, छायाप्रत ४०० रुपये, पुनर्मूल्यांकन ३०० रुपये. आपला विभाग नाशिक, पण अर्ज ऑनलाइन असल्याने नाशिकला खेटे घालायची गरज नाही.

याच दिवसांत फोन येतात. "नाशिकला आपली ओळख आहे, विषयाला इतके द्या, गुण वाढवून देतो." फोन ठेवून द्या आणि वडिलांनाही सांगून ठेवा, कारण असे फोन बऱ्याचदा थेट वडिलांना जातात, आणि कापसाचे पैसे नुकतेच घरात आलेले असतात.

पुनर्मूल्यांकनाने गुण वाढोत न वाढोत, छायाप्रत मागवाच. ज्या विषयात घात झाला त्या एका विषयाची तरी. त्या तळोद्याच्या मुलीची केमिस्ट्रीची प्रत आम्ही एका सायबर कॅफेत काढली. पानं प्रिंटरमधून गरम गरम बाहेर येत होती आणि ती एकेक उलथी घालून ठेवत होती, बघवत नव्हतं तिला. मग चहा घेऊन आम्ही तीन रंगांचे पेन घेऊन बसलो. येत नव्हतं म्हणून गेलेले गुण लाल. येत होतं, पण लिहिण्यात चुकलं ते निळे. वेळच पुरला नाही म्हणून कोरे राहिले ते हिरवे.

दुसऱ्याच गणितात वेगस्थिरांकाची किंमत बरोबर, सूत्र बरोबर, पण एकक नाही. अर्धा गुण गेला. 'कारणे द्या'मध्ये तिने नुसती व्याख्या लिहिली होती, कारण दिलंच नव्हतं. आणि मग ते सापडलं. ब विभागात बारापैकी आठ प्रश्न सोडवायचे असतात, तिने अकरा लिहिले होते. छान, सविस्तर. त्या तीन जादा उत्तरांना छदामही मिळाला नाही, आणि शेवटच्या विभागातले चार-चार गुणांचे दोन प्रश्न कोरे राहिले. मोजून आठ गुण. तिला हवे होते सहा.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, मी ढ नाही ना मग?"

त्या दिवसापासून मी हे तीन रंगांचं काम प्रत्येकाकडून करून घेते. लाल जास्त असेल तर अभ्यास नव्याने करावा लागेल आणि वर्ष लागेल. निळं-हिरवं जास्त असेल तर सराव हवा, आणि तो काही आठवड्यांत होतो. जूनमध्ये द्यायची की फेब्रुवारीत, याचं उत्तरही इथूनच मिळतं.

नियम नीट समजून घ्या

याला बोर्डाच्या भाषेत श्रेणीसुधार किंवा गुणसुधार योजना म्हणतात. एकाच परीक्षेत सगळे विषय घेऊन पास झालेल्यांसाठीच ती आहे. पास झाल्यानंतर लागोपाठच्या तीन परीक्षा एवढीच संधी. फेब्रुवारी-मार्च २०२५ ला पास झालेल्यांना जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६ अशा तीन संधी होत्या. संधी तारखेने संपते, तुम्ही बसा की न बसा. तीन वर्षांनी आठवण होऊन उपयोग नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. मी इथेच ठेचकाळले. मला कॉलेजच्या कार्यालयात सांगितलं गेलं, "दोनच विषय दे, ज्यात कमी आहेत ते." मी विश्वास ठेवला. जुलै ते ऑक्टोबर फक्त फिजिक्स आणि मॅथ्स केलं, बाकीची पुस्तकं आतेभावाला देऊन टाकली. फॉर्म भरायला गेले तेव्हा कळलं की सहाही विषय. आतेभावाकडून पुस्तकं परत मागताना मला रडू आलं होतं. तेव्हा तोंडी उत्तरावर विसंबू नका. बोर्डाचं त्या वर्षीचं परिपत्रक संकेतस्थळावर असतं, ते मोबाईलमध्ये ठेवा आणि खिडकीवर दाखवा.

घाबरून बरेच विचारतात, पुन्हा दिली आणि गुण कमी पडले तर? पहिला निकाल हिरावला जात नाही. सुधारणा झाली तर नवा निकाल, नाहीतर जुना आहेच. म्हणून मूळ गुणपत्रिका लॅमिनेट न करता फाईलमध्ये जपून ठेवा.

या योजनेशी दोन गोष्टींची गल्लत होते. सतरा नंबरचा फॉर्म वेगळा. तो शाळा-कॉलेजात न जाता खासगीरीत्या पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी. आणि ज्यांना फक्त राहिलेला विषय जोडायचा आहे, म्हणजे बायोलॉजी ग्रुप होता आणि आता इंजिनीअरिंगसाठी मॅथ्स हवं, त्यांच्यासाठी 'तुरळक विषय' असा वेगळा प्रकार आहे. त्यात सगळी बारावी पुन्हा द्यावी लागत नाही. हे माहीत नसल्याने सहा विषय देऊन दमलेली मुलं मी पाहिली आहेत.

अभ्यासक्रम बदलायचं वर्ष जवळ आलं असेल तर पुढच्या परीक्षेला कुठली पुस्तकं लागू आहेत हे आधी विचारा. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पैसे गाईडांवर घालवू नका.

जून-जुलै की फेब्रुवारी?

२०२५ साली बारावीचा निकाल ५ मेला लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. हातात जेमतेम पन्नास दिवस. तेही मे-जूनचे. जळगाव-भुसावळकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला टेकलेला. दुपारी पत्र्याच्या घरात पुस्तक उघडलं तरी घाम कागदावर पडतो. लगेच पाऊस, पेरणी, सरकी टोचायची घाई. त्यात घरात लग्न असेल तर विचारूच नका.

माझं मत स्पष्ट आहे. दहाएक गुणांचा फरक असेल आणि तुमच्या कागदावर निळं-हिरवं जास्त असेल तर जूनमध्ये द्या. तळोद्याच्या मुलीने जूनमध्येच दिली आणि तिला पीसीएमला १३१ मिळाले. पण पुरवणीचा निकाल जुलै संपता संपता येतो, तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. तिचे त्या वर्षीचे दिवस फार ओढाताणीचे गेले. ज्याला पंधरा-वीस टक्के वाढवायचे आहेत त्याने जूनचा हव्यास धरू नये. फेब्रुवारीची द्यावी आणि मेमध्ये निकाल घेऊन पहिल्या फेरीपासून रांगेत उभं राहावं.

फेब्रुवारीची द्यायची तर मधल्या काळात एफ.वाय.ला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, प्रवेश घ्यायचा की घरी राहायचं? कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या एखाद्या जवळच्या कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवणारे बरेच असतात. खंड पडत नाही, घरच्यांना धीर राहतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सेमिस्टरची परीक्षा येते आणि दोन दगडांवर पाय होतात. प्रवेश घेतलाच तर टीसी देण्याआधी सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. मला विचाराल तर ज्याला फक्त दोन-चार टक्के हवेत त्याने एफ.वाय. करत द्यावी. ज्याला मोठी उडी हवी त्याने घरी बसून, पूर्ण वेळ द्यावी.

फॉर्म

फॉर्म तुम्ही पास झालात त्याच ज्युनिअर कॉलेजमार्फत, ऑनलाइन भरला जातो. पुरवणीचा फॉर्म निकालानंतर लगेच मेमध्ये, फेब्रुवारीचा साधारण दिवाळीच्या आगेमागे. आधी नियमित शुल्काची मुदत, मग विलंब शुल्काची. नियमित विद्यार्थ्यांना कॉलेज बोलावून घेतं. तुम्हाला कोणी बोलावणार नाही, कारण तुम्ही आता कुठल्याच वर्गात नाही. सप्टेंबर संपल्यावर दर आठवड्याला एकदा कार्यालयात जाऊन या. तिथल्या बाबूंशी आदराने बोला, नाव सांगून ठेवा, मोबाईल नंबर लिहून द्या.

सोबत मागचा बैठक क्रमांक, मूळ गुणपत्रिका आणि झेरॉक्स, आधार, फोटो न्या. अर्जात प्रकार 'श्रेणीसुधार' असाच निवडला आहे का, हे सबमिट करण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चुकून 'पुनर्परीक्षार्थी' झालं की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. प्रात्यक्षिकांच्या तारखा त्याच वेळी विषयशिक्षकांना भेटून विचारा आणि जर्नलचं काय करायचं तेही. पावती फाटेपर्यंत जपा.

अभ्यास, शेती आणि एसटी

वर्गात नाव नसलं की लहानसहान गोष्टी अडतात. ओळखपत्र नाही, प्रयोगशाळा नाही, बोनाफाईड नाही, म्हणून एसटीचा विद्यार्थी पास नाही. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो, तोही या वर्षी नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेवढाच आधार. म्हणून रोज तालुक्याला जाण्याचा बेत करू नका. आठवड्यातून दोन दिवस जा, शंका साठवून न्या. बहुतेक तालुक्यांच्या गावी आता अभ्यासिका आहेत. महिन्याची फी शेअर रिक्षाच्या खर्चापेक्षा कमी पडते. कोटा-लातूरला पाठवायला घर-शेत गहाण टाकू नका. बारावीच्या पेपरला तेवढ्याची गरज नाही.

वर्षाचा आराखडा आपल्या शेतीच्या दिवसांवर बेतायचा. जुलै ते सप्टेंबर हा सोन्याचा काळ. पेरण्या उरकलेल्या, निंदणी सोडली तर घरी मागणी कमी. लाल रंगाचे धडे याच तीन महिन्यांत संपवा. दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते. तेव्हा "मी अभ्यास करतो, मला शेतात बोलावू नका" म्हणणं आपल्या घरांत चालत नाही, आणि खरं सांगायचं तर आई एकटी वाकलेली असताना ते शोभतही नाही. मी सकाळी वेचायला जायचे. पण दादांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, ठराव केला होता: दुपारी दोननंतर मी घरी. त्यांनी तो पाळला. वेचताना मी सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया मनात म्हणायचे, एका ओळीला एक. डिसेंबरात पुस्तक बंद, फक्त जुन्या प्रश्नपत्रिका.

प्रश्नपत्रिकेचा सांगाडा पाठ हवा. फिजिक्स, केमिस्ट्रीचा लेखी पेपर ७० गुणांचा. त्यात १० गुणांचे बहुपर्यायी, ८ गुणांचे अतिलघुत्तरी. मग दोन-दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन-तीन गुणांचे बारापैकी आठ, आणि चार-चार गुणांचे पाचपैकी तीन. मॅथ्सचा ८० चा. बहुपर्यायी प्रश्नात पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच धरतात, आणि पर्यायाचं अक्षर व उत्तर दोन्ही लिहायचं असतं. खोडून दुसरं लिहिलंत तर ते जमेत नाही. घरी पेपर सोडवताना घड्याळ लावा आणि 'आठ' म्हटलंय तिथे आठवर थांबा. चांगला येणारा नववा प्रश्न दिसला की हात शिवशिवतो. त्याला आवरा.

भाषांकडे विज्ञानाची मुलं दुर्लक्ष करतात. पण ज्यांना एकूण टक्क्यांवर प्रवेश हवाय त्यांच्यासाठी इंग्रजी आणि मराठीतले गुण फिजिक्सपेक्षा स्वस्तात वाढतात. इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत ठरावीक लेखनप्रकार येतात. आठवड्याला एक लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या. माझ्या तेरा टक्क्यांतले बरेचसे असेच वाढले.

ज्यांना सोबत सीईटी द्यायची आहे त्यांना एक दिलासा. एमएचटी-सीईटीत साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बारावीचं मनापासून केलेलं तिथेही उपयोगी पडतं.

घरी आणि गावात

मुलींच्या बाबतीत हे सगळ्यात अवघड. "वर्षभर घरीच आहे तर स्थळ बघू," हे वाक्य दिवाळीच्या आत कोणीतरी बोलतंच, बहुतेक मामा किंवा मोठ्या काकू. त्याची वाट बघू नका. निकालाच्या आठवड्यातच आई-वडिलांसमोर ती वही उघडा: कोर्सचं नाव, लागणारे गुण, माझे गुण, परीक्षेचा महिना, एकूण खर्च. तोंडी विनवणीपेक्षा लिहिलेला आकडा वडीलधाऱ्यांना पटतो. नाना-अप्पांपैकी एखाद्याचा घरात शब्द चालत असेल तर त्यांना बोलवा. आणि नाही जमलं तर काय, हेही त्याच पानावर लिहा. मी लिहिलं होतं, "नाही वाढले तर धुळ्यालाच बी.एस्सी. करीन." ते वाचून दादा मोकळे झाले.

रिकाम्या वर्षात कागद करून घ्या

प्रवेशाच्या वेळी गुण असूनही कागदावाचून जागा जाते, हे मी दरवर्षी बघते. जात पडताळणी हा सगळ्यात वेळखाऊ. व्यावसायिक कोर्सच्या राखीव जागेसाठी ती लागते. अनुसूचित जमातींसाठीची पडताळणी समिती आदिवासी विभागाची, इतरांसाठी जिल्ह्याची. आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी महसुली नोंद शोधायला गावोगाव फिरावं लागतं, म्हणून जुलैतच सुरुवात करा. डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला सेतूतून. शिक्षणात खंड पडला तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात "गुणसुधार परीक्षेची तयारी" असं सरळ खरं कारण लिहा. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती भरताना तेच पुन्हा लागतं.

सीबीएसईच्या मुलांसाठी: त्याच वर्षीच्या पुरवणी परीक्षेत एकाच विषयात सुधारणा करता येते, आणि पुढच्या वर्षीच्या मुख्य परीक्षेत एक किंवा अधिक विषयांत. आपल्या बोर्डासारखी सगळ्या विषयांची सक्ती नाही.

परीक्षा आणि निकाल

केंद्र तुमच्याच कॉलेजात येईल असं नाही. हॉल तिकीट मिळाल्यावर एकदा जाऊन वर्गखोली बघून या. सकाळच्या पेपरला साडेदहाला आत असावं लागतं. अक्कलकुवा, धडगावकडच्यांनी पहिल्या गाडीवर भरवसा ठेवू नये. जवळ नातेवाईक असतील तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जावं. पेपरच्या शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. ती एककं, प्रश्न क्रमांक आणि पुरवण्यांचा आकडा तपासायला ठेवा, नवं उत्तर सुरू करायला नव्हे. आजूबाजूला सगळे वर्षाने लहान दिसतील, एखादा ओळखीचा पर्यवेक्षक "तू परत?" म्हणेल. "हो सर" म्हणा आणि बसा.

निकाल ऑनलाइन दिसला तरी प्रवेशाच्या अर्जात गुण भरताना घाई नको. जुना आणि नवा, दोन्ही बैठक क्रमांक जवळ असू द्या, आणि ज्या निकालावर प्रवेश मागताय त्याच निकालाचे गुण, त्याच वर्षासकट, सगळीकडे भरा. एका रकान्यात जुनं वर्ष आणि दुसऱ्यात नवे गुण झाले की पडताळणीत अर्ज परत येतो. छापील गुणपत्रिका कॉलेजच्या खिडकीवर मिळेल. तिथून हलण्याआधी तुमचं नाव, आईचं नाव आणि प्रत्येक विषयाचे गुण बोट ठेवून वाचा. चूक दिसली तर त्याच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्या.